मागच्या खोलीतला करंट

विजेच्या ऑफिसातली ती बाई तुझ्या आजोबांना 'अनधिकृत इसम' म्हणाली, हे आधी लिही. सगळ्यात वर लिही. इसम म्हणे! ह्या घराच्या भिंतीत बोटभर वायर अशी नाही जी त्यांच्या हाताखालून गेली नाही, आणि ते त्यांच्याच घरात इसम! मी शेजारीच उभी होते. माझं तर डोकंच फिरलं.

दार लोटून घे गं जरा. ते आतल्या खोलीत पडलेत, पण वायरीचं नाव निघालं की झोपेतूनही उठून येतात. त्यांच्या तोंडून तू ही गोष्ट ऐकली असशील तर अर्धीच ऐकली आहेस. त्यांच्या गोष्टीत सगळा दोष दुसऱ्यांचा असतो. मी सांगते तशी लिही.

तुझे आजोबा साबणाच्या कारखान्यात फिटर होते. त्या मोठमोठ्या कढयांमध्ये साबण ढवळणारी यंत्रं असतात, त्यांच्या मोटारी बंद पडल्या की ह्यांना बोलावणं. घरी यायचे ते अंगाला साबणाचा वास आणि हात कोळशासारखे काळे. मी म्हणायचे, "अहो, साबणाच्या कारखान्यातून येता की खाणीतून?" शाळा लवकरच सुटलेली, पण मोटारीला कान लावून सांगायचे की हिचं काय दुखतंय.

घर घेतलं तेव्हा मधल्या खोलीत एक बल्ब लोंबकळत होता, बस. बाकी सगळं ह्यांनी केलं. सुट्टी आली की लोक फिरायला जायचे, आम्ही भिंत फोडायला. छिन्नी हातोडी घेऊन हे भिंतीत खाच पाडणार आणि मी खाली उभी. "स्टूल धर." माझा संसार म्हणजे काय, तर स्टूल धर. धूळ एवढी की डाळीत वाळू आणि केसात चुना.

पण काम बघत राहावं असं. वायरीला हात लावायच्या आधी घरभर ओरडून सांगायचे, "हात घालतोय!" मग घरातल्या प्रत्येकानं "हं" म्हणायचं. नाही म्हटलं तर येऊन उभे राहायचे, "ऐकलंस का?" म्हणून. मग फ्यूज काढायचे आणि सरळ शर्टाच्या खिशात. म्हणायचे, फ्यूज माझ्या खिशात तर माझा जीव माझ्या खिशात, कुणी मागून येऊन घालायला नको. त्यानंतर टेस्टर घ्यायचा, आधी चालू जागी लावून तो पेटतो का बघायचा, मग बंद जागी. एकदा स्वयंपाकघराचा फ्यूज खिशात घालून कामावर निघून गेले. मी संध्याकाळपर्यंत खिडकीशी बसून भाजी चिरली. आले ते हसत आले. मी नाही हसले.

आता हिरव्या वायरीचं सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यापायी झालं. कारखान्यातलं एक जुनं यंत्र मोडीत निघालं, त्याच्याबरोबर वायरीचं एक भलं मोठं भेंडोळं निघालं. जाड, चांगल्या तांब्याची. पण रंग हिरवा, सगळीच्या सगळी हिरवी. ह्यांनी साहेबाला विचारलं, साहेब म्हणाला ने. घरी आणलं तेव्हा ह्यांचा चेहरा असा, की जसं काय लॉटरी लागली.

वायरमन लोकांत ही गोष्ट अ-आ-इ सारखी आहे. लाल म्हणजे करंटची, काळी परतीची, आणि हिरवी अर्थिंगची. हिरवीत करंट नसतो. तिला हात लावला तरी काही होत नाही. हे मलासुद्धा माहीत होतं, ह्यांना काय माहीत नसणार? पण तांबं टाकून द्यायचं म्हणजे ह्यांच्या जिवावर येणार. मग ह्यांनी युक्ती काढली. माझ्या शिवणाच्या डब्यातली दोऱ्याची रिळं पळवली. करंटच्या वायरीला लाल दोऱ्याची गाठ, परतीच्या वायरीला पांढरी, अर्थिंगला काही नाही. म्हणजे सगळ्या घरात हिरवी वायर आणि तिच्यावर दोरे. म्हणायचे, "बघ, ह्याला म्हणतात डोकं." मला वाटायचं, एकेक दोरा बांधायला ह्या वायरीला काय नजर लागायची आहे!

वर्षानुवर्षं चाललं. एक बल्ब कधी अवेळी गेला नाही. गल्लीत कुणाकडे ठिणगी उडाली की माणसं ह्यांच्याकडे. हे जायचे, बघायचे, बटण बदलून द्यायचे, आणि त्या घरच्या वायरमनला शिव्या देऊन चहा पिऊन यायचे.

आणि मग तुझी आई परत आली.

तिला विचारून सांगतेय हे, ती म्हणाली सांग. तू मांडीवर होतीस. तिच्या नवऱ्याचा हात सुटायचा. पहिल्यांदा आम्हाला म्हणाली, दार लागलं. दुसऱ्यांदा म्हणाली, पाय घसरला. तिसऱ्यांदा काही न म्हणता बॅग घेऊन दारात उभी राहिली. ह्यांनी बॅग घेतली आणि आत ठेवली.

पण तुझी आई कुणाची मुलगी? ह्यांचीच! चार दिवस झाले नाहीत तर म्हणाली, "आई, मला तुमच्या ताटातलं खायचं नाही. मागची खोली द्या, त्यात माझी विजेची शेगडी, माझं पाणी तापवायचं. मी काम बघेन. महिनाअखेर जमलं तर ठीक, नाहीतर मी परत जाते."

"परत? मार खायला?" मी म्हटलं.

"तिथे निदान ते माझं घर म्हणायला तरी होतं."

बघ हे! ह्यांनी ऐकलं, उठले, पक्कड घेतली आणि मागच्या खोलीत जाऊन भिंतीला टकटक करायला लागले. तिथे आम्ही जुन्या खाटा, डबे, फुटकी बादली ठेवायचो. एकच बल्ब. शेगडी लावायची तर नवी लाइन पाहिजे.

पण नेमका तेव्हा नवा नियम आला होता. घरात बल्ब बदला, बटण बदला, ते तुमचं तुम्ही. पण नवी लाइन ओढायची तर लायसन्सवाला वायरमन पाहिजे, त्याची सही पाहिजे, तेव्हा ऑफिस करंट वाढवून देणार. हे म्हणाले, "रीतसर जाऊन विचारतो." रीतसर! चुकलं ते तिथेच.

ऑफिसात काचेमागे ती बाई. काचेला खाली एवढंसं भोक, बोलायचं तर कंबरेतून वाकायचं. हे वाकले. सांगितलं सगळं.

"लायसन्स आहे?"

"नाही. पण आख्ख्या घराचं काम मीच केलंय."

"मग ते अनधिकृत इसमाने केलेलं काम आहे. सांगताय कशाला मला?"

मला राहवलं नाही. मी ह्यांना बाजूला सारून भोकाशी वाकले. "बाई, तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून हे वायरी ओढतायत. कारखान्याच्या मोटारी चालतात त्या काय भुताच्या हातानं?"

"आजी, मागे रांग आहे."

हे म्हणाले, "परीक्षा घ्या माझी. आत्ता घ्या."

"परीक्षेला बसायला शाळेचा दाखला लागतो. आहे?"

नव्हता. तिनं आमच्या डोक्यावरून मागच्या माणसाकडे बघितलं. बस, संपलं. माणसाच्या हाताला किंमत नाही, त्यानं लहानपणी बाकावर किती वर्षं बूड टेकलं ह्याला किंमत! अजून आठवलं की अंगाची लाही होते.

बाहेर आलो तर समोरच्या दुकानातून एक माणूस हाका मारतोय. "काका, काका, काय अडलंय?" लायसन्सवाला वायरमन, भिंतीवर लायसन्स टांगलेलं. त्याला आम्ही पुढे सहीवाला म्हणायला लागलो. आम्हाला आत बसवून म्हणाला, "काम तुम्हीच करा. सही मी देतो."

"बघायला कधी येताय?" ह्यांनी विचारलं.

"बघायला कशाला? तुमच्यासारखा जुना माणूस! मला कशाला त्रास?"

हे ताडकन उठले. "मी भिंतीत वायरीऐवजी सुतळी घातली तरी सही करशील तू!"

"करीन की," तो म्हणाला आणि हसला.

घरी येईपर्यंत हे पाय आपटत होते. मीही आपटत होते. कुणाला करायला बंदी, तर ज्याला येतं त्याला. कुणाला परवानगी, तर ज्याला बघायचा कंटाळा त्याला. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय!

दुसरे लायसन्सवाले शोधले. एक म्हणाला पुढच्या महिन्यात, एक आलाच नाही. तुझ्या आईची बॅग तशीच भरलेली, कपडे त्यातूनच काढायची, त्यातच ठेवायची. मी त्या बॅगेकडे बघायचे आणि ह्यांच्याकडे बघायचे. शेवटी म्हटलं, "अहो, घ्या ती सही. तुमचा मान मोठा की पोर?"

गेले. मान खाली घालून गेले, सही घेऊन आले.

काम मात्र असं केलं! खोली झाडली, रंगवली, शेगडीचं बटण पोरीच्या हाताला येईल असं, तुझ्या हाताला येणार नाही असं. वायर कुठली? तीच, भेंडोळ्यातली उरलेली. माझा लाल दोरा पुन्हा गेला. ऑफिसनं कागद बघितला, सही बघितली, करंट दिला. घर बघायला कुणी आलं नाही. तुझ्या आईनं शेगडी लावली आणि पहिला चहा आम्हाला आणून दिला. बॅग मात्र खाटेखालीच होती.

बरं चाललं होतं. मग ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डोळ्यावर पट्टी, वाकायचं नाही, वर चढायचं नाही. आणि नेमका तेव्हा मागच्या खोलीत पंखा लावायचा निघाला, उकाड्यानं तू रात्र रात्र रडायचीस. तुझी आई म्हणाली, "मी लायसन्सवालाच बोलावते, कटकट नको." ह्या वेळी चांगला माणूस मिळाला. उंच, कमी बोलणारा, पायातले बूट दारात काढून आला. त्यानं सहीचा कागद मागितला, बघितला, मान हलवली. मागच्या खोलीचा फ्यूज काढला. टेस्टर लावला. सगळं नीट केलं बघ त्यानं.

घरातल्या बोळात वरती, छताजवळ जॉइंटचा डबा आहे. स्टुलावर चढून त्यानं तो उघडला. आत काय? हिरव्या वायरींची जुडी. दोरे होते, पण इतक्या वर्षांत धुळीनं काळे पडलेले, काही गळून गेलेले. त्याला वाटलं, लायसन्सवाल्यानं केलेलं काम, हिरव्या म्हणजे अर्थिंगच्या. जुडी बाजूला करायला उघड्या जोडांपाशीच मुठीत धरली. त्यात स्वयंपाकघराची लाइनपण होती. आणि स्वयंपाकघराचा फ्यूज त्यानं का काढावा?

आवाज कसला आला ते मला सांगता येत नाही. माणूस स्टुलावरून उडाला. तुझी आई तुला कडेवर घेऊन तिथेच खाली उभी होती, पंखा कुठला ते सांगत. तो डावीकडे पडला. उजवीकडे पडला असता तर, जाऊ दे, ते लिहू नकोस.

हात मोडला त्याचा. जिवंत होता, भानावर होता, पांढराफटक पडलेला. म्हणाला, "कुणी केलंय हे? कुणी?"

तुझे आजोबा पट्टी बांधलेले, भिंत धरत आले. आणि काय म्हणाले माहितीये? "लाल दोऱ्याची गाठ बघायची ना!"

तो माणूस जमिनीवर पडून ह्यांच्याकडे बघतच राहिला. "कुठला दोरा?"

मग मात्र माझा तोल गेला. ऑफिसातल्या बाईवर नव्हते एवढी मी ह्यांच्यावर ओरडले. "अहो, तो काय आपल्या घरात जन्मला का, दोऱ्याची गाठ माहीत असायला? स्वतःपुरतं लिहून ठेवलंत भिंतीत, आणि दुसऱ्यानं वाचायचं? माझं घर, माझं घर करता! ती पोर खाली उभी होती!"

पुढे त्याला दवाखान्यात नेलं, हाताला प्लास्टर लागलं. जाताना तो मला एवढंच म्हणाला, "काकू, काम देखणं आहे. पण मी गेलो असतो तर माझी बायको काय म्हणाली असती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हे कपडे करून उभे. "कुठे?" "ऑफिसात. सांगून येतो की काम माझं, सही खोटी."

मी बाही धरली. "अहो, करंट तोडतील. ती निघून जाईल."

"उद्या ह्याच्या जागी दुसरा कुणी येईल," हे म्हणाले. "तोही कागद बघेल आणि हात घालेल."

गेले. डोळ्याला पट्टी, हातात काठी. मी दारात उभी राहून शिव्या घालत होते, कुणाला ते मलाच कळत नव्हतं.

दुपारी माणसं आली आणि मागच्या खोलीचा करंट तोडून गेली. तेव्हा बघ कशी वेळेवर आली! सही देताना बघायला कुणी नव्हतं, तोडायला मात्र दोघं दोघं. आणि सहीवाल्याचं काय झालं? तो म्हणाला, म्हाताऱ्यानं मला फसवलं. त्याला ताकीद दिली. ताकीद! दुकान अजून तिथेच आहे, लायसन्स अजून भिंतीवर आहे, मधे मी जाऊन बघून आले. चोर सोडून संन्याशाला फाशी.

तुझ्या आईनं खाटेखालची बॅग काढली. भांडली नाही, रडली नाही. तुझ्या कपड्यांच्या घड्या करायला लागली. मी म्हटलं, "थांब गं." म्हणाली, "आई, बाबांनी केलं ते बरोबर केलं. पण मी तुमच्या खोलीत किती दिवस झोपू?"

आणि तेवढ्यात दारात तो उंच वायरमन. गळ्यात हात अडकवलेला. आपली हत्यारांची पिशवी न्यायला आला होता. बॅग बघितली, तुझ्या आईचा चेहरा बघितला. ह्यांना म्हणाला, "काका, नियम नीट वाचलात का कधी?"

"वाचायला तुझं ऑफिस देतं का?"

"लायसन्सवाला समोर उभा असेल तर त्याच्या हाताखाली मदतनीस चालतो. मदतनीसाला दाखला लागत नाही. मला एक हात आहे, तुम्हाला एक डोळा. दुसरा डोळा उघडला की सुरू करू. पण सगळ्या घराची हिरवी वायर निघणार. सगळी. आणि मी बघितल्याशिवाय सही नाही."

म्हणजे ही वाट पहिल्यापासून होती! ऑफिसातल्या त्या बाईला माहीत होती! एक वाक्य सांगितलं असतं तर सहीवाल्याच्या दारात जावं लागलं नसतं, ह्या माणसाचा हात मोडला नसता. मी तशीच गेले ऑफिसात. रांग तोडून गेले. काचेच्या भोकाला तोंड लावून विचारलं, "हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत?"

काय म्हणाली असेल? "तुम्ही विचारलं नाहीत."

विचारलं नाही! जे आहे हेच आम्हाला माहीत नाही, ते विचारायचं कसं गं? नियम वाईट नाही, हे मी आता म्हणते. नियमानं सांगितलेलं ह्यांनी ऐकलं असतं तर तो माणूस पडला नसता. पण नियम माणसाला सांगायचा असतो, काचेमागे लपवून ठेवायचा नसतो. मी असं तिला म्हटलं. रांगेतली माणसं हसली. हसू देत.

मग काम सुरू झालं. पट्टी निघाली आणि तुझे आजोबा आपल्याच घरात मदतनीस झाले. तो खुर्चीवर बसून सांगणार, हे स्टुलावर. "मदतनीस, ओढा." हे ओढायचे आणि वर पुटपुटायचे. हिरवी वायर बाहेर आली की हातावरून निरखायचे, "ही बघ, अजून माझ्यापेक्षा जास्त जगेल."

"जगू दे काका, पण भंगारात."

"तुझ्या बापाला विचार, अशी वायर आता मिळते का."

"माझा बाप शिंपी होता. तो म्हणायचा, दोरा कपड्याला लावायचा."

मी स्वयंपाकघरात तोंडात फडकं कोंबून हसले. असं रोज. दोघं भांडायचे, मग एकाच ताटलीतून खायचे. एकदा मात्र त्यानं ह्यांनी घातलेली नवी वायर परत काढायला लावली, नुसतं एक टोक नीट आवळलं नव्हतं म्हणून. ह्यांचं तोंड असं लाल झालं, मला वाटलं आता पक्कड फेकतात. फेकली नाही. परत काढली.

तुझी आई ह्या सगळ्यात आमच्या खोलीत, तुला मध्ये घेऊन झोपायची. बॅग उघडीही नाही, बंदही नाही, अर्धवट. मी रोज सकाळी आधी तिच्याकडे बघायचे. त्यातून एक कपडा बाहेर आला की बरं वाटायचं.

शेवटी ऑफिसचा माणूस आला. ह्या वेळी खरंच आला, प्रत्येक बटण बघितलं, डबा उघडून बघितला. लाल, काळी, हिरवी. त्यानं उंच वायरमनला म्हटलं, "काम चांगलं आहे." ह्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही! हे स्टूल धरून उभे. माझ्या तोंडात आलं होतं, पण तुझ्या आईनं माझा हात दाबला. तो वायरमनच म्हणाला, "काम ह्यांचं आहे, मी नुसता बसलो होतो." माणूस म्हणाला, "हो का," आणि निघून गेला. हो का!

संध्याकाळी मागच्या खोलीत करंट आला. तुझ्या आईनं बॅग रिकामी केली. सगळी, तळापर्यंत, आणि झटकून माळ्यावर टाकून दिली. मला इतका आनंद झाला की मी गरम गरम जेवण वाढून तशीच मागच्या खोलीत घुसले, ताट घेऊन, पायानं दार ढकलून.

ती म्हणाली, "आई, दार वाजवून येत जा. माझं घर आहे हे."

बघ म्हणजे! ज्या पोरीसाठी एवढं केलं, ती मलाच सांगते दार वाजव. माझ्याच घरात! मी ताट घेऊन तशीच बाहेर आले, ह्यांना म्हटलं, "ऐकलंत तुमच्या लेकीचं?" हे नुसते मिशीत हसले. मग मी परत गेले आणि दार वाजवलं. आजपर्यंत वाजवते. राग येतो तो येतोच.